एका रुग्णाची चार दप्तरे: सोलापुरातील मूत्रपिंड-प्रकल्पाच्या नोंदी

पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी हाती घेतलेल्या कामाच्या या नोंदी आहेत. सोलापुरातील एका रुग्णालयात २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत आलेल्या मधुमेही रुग्णांचे केसपेपर, लॅबचे अहवाल, सोनोग्राफीचे अहवाल आणि औषधांची बिले एकत्र आणायची आणि त्यांवरून मूत्रपिंडाचे काम कोणत्या गतीने मंदावते हे पाहायचे, एवढाच प्रकल्पाचा आवाका होता. काम मी आणि एक संशोधन साहाय्यक, असे दोघांनी केले. अशाच प्रकारचे काम दुसऱ्या जिल्ह्यात सुरू करणाऱ्याला आमच्या चुका पुन्हा कराव्या लागू नयेत, म्हणून जे बिघडले ते अधिक विस्ताराने लिहिले आहे.

३ जून २०२४

चारही स्रोत आज पहिल्यांदा एका टेबलावर आले आणि त्यांना जोडणारा एकही समान क्रमांक नाही हे दुपारपर्यंत स्पष्ट झाले. केसपेपरचा क्रमांक दर वर्षी १ जानेवारीला नव्याने सुरू होतो. लॅबचा नमुना क्रमांक चढत जातो, पण तो रुग्णाचा नसून नळीचा असतो. सोनोग्राफीच्या अहवालावर फक्त नाव आणि वय आहे. औषधाचे बिल मोबाइल क्रमांकावर निघते आणि तो मोबाइल बहुतेक वेळा मुलाचा किंवा जावयाचा असतो. आभा क्रमांकाची, म्हणजे प्रत्येक व्यक्तीच्या डिजिटल आरोग्य-ओळखीची, योजना सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झाली, त्यामुळे आमच्या पाच वर्षांपैकी निम्म्याहून अधिक काळात तो क्रमांक असण्याचा प्रश्नच नव्हता. नंतरच्या कागदांवरही चौदा अंकांचा तो रकाना बहुतांशी कोराच आहे.

प्रस्तावात मी 'माहितीची जुळणी' या कामासाठी सहा आठवडे धरले होते. ते वाक्य आज पुन्हा वाचताना संकोच वाटला.

२४ जून २०२४

नीतिविषयक समितीची मंजुरी आली. अर्ज मार्चमध्ये दिला होता. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जुन्या, ओळख पुसलेल्या नोंदींसाठी प्रत्येक रुग्णाची संमती घेण्याची अट समितीला शिथिल करता येते. मात्र ओळख कोण, कुठे आणि कशी पुसणार हे अर्जात स्पष्ट लिहिलेले असावे लागते. माझ्या पहिल्या अर्जात 'नावे व मोबाइल क्रमांक हॅश करण्यात येतील', म्हणजे सूत्राने सांकेतिक अक्षरांत बदलले जातील, एवढेच होते, म्हणून तो परत आला. समितीचा आक्षेप योग्यच होता. भारतीय मोबाइल क्रमांक दहा अंकी असतो आणि ६ ते ९ यांपैकी एका अंकाने सुरू होतो, म्हणजे एकूण शक्यता चारशे कोटी. साध्या हॅशसाठी या सर्व शक्यता आजचा सामान्य संगणक थोड्या वेळात मोजून काढतो आणि कोणता क्रमांक कोणाचा हे उलटे शोधता येते. त्यामुळे आता हॅशमध्ये एक गुप्त किल्ली मिसळली आहे. ती किल्ली माझ्याकडे नसून रुग्णालयातील एका जबाबदार व्यक्तीकडे आहे, आणि नावे दिसतील असे सर्व काम इंटरनेट नसलेल्या एकाच संगणकावर, रेकॉर्ड रूमच्या शेजारच्या खोलीत होईल.

आजवरचा खर्च: बॅटरी बॅकअप ११,५०० रुपये, दोन हार्ड डिस्क १८,००० रुपये. बॅटरीवर खर्च कशाला, असे विचारणाऱ्यांनी मे महिन्यातली सोलापूरची दुपार पाहावी. वीज गेली की खोलीत पंखा नाही, आणि चालू असलेली नोंद अर्धवट साठून राहते.

१८ जुलै २०२४

काल आषाढी झाली. त्याआधीचे दहा दिवस रेकॉर्ड रूममधील दोघेही कर्मचारी वारीच्या आरोग्यसेवेसाठी पंढरपूरला होते आणि खोलीची किल्ली त्यांच्यासोबत होती. या जिल्ह्यात प्रकल्पाचे वेळापत्रक करताना आषाढी आणि कार्तिकी या दोन्ही एकादशा धरून चालावे.

तेवढ्या दिवसांत आधी टंकलिखित झालेल्या नोंदी चाळत बसले. जन्मतारखेच्या रकान्यात अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक लोक १ जूनला जन्मलेले निघाले. साहाय्यकाला यात सॉफ्टवेअरचा दोष वाटला, पण त्याच्या स्वतःच्या वडिलांची तारीख १ जूनच आहे, हे त्याला सांगावे लागले नाही. ते त्याच्याच लक्षात आले. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली ती तारीख आहे आणि तिच्यातील दिवस-महिन्याला काहीही अर्थ नाही. आम्ही सर्व माहिती ओमॉप या सामाईक आराखड्यात बसवत आहोत. त्यात व्यक्तीच्या तक्त्यात जन्मवर्ष आवश्यक असते, महिना व दिवस ऐच्छिक असतात. म्हणून १ जूनवाल्यांचे फक्त वर्ष ठेवले.

वर्षही सरळ मिळत नाही. केसपेपरवर दर खेपेला अंदाजे वय लिहितात. एक आजी २०१९ मध्ये ६० वर्षांच्या होत्या आणि २०२३ मध्येही ६० वर्षांच्याच आहेत. प्रत्येक भेटीच्या वर्षातून नोंदलेले वय वजा करून मिळणाऱ्या जन्मवर्षांचे मध्यक घ्यायचे असे ठरवले. मूत्रपिंडाची गाळणक्षमता, म्हणजे ईजीएफआर, आम्ही २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने काढतो. त्यात वयाचा परिणाम दर वर्षाला ०.९९३८ ने गुणून येतो, त्यामुळे वयात पाच वर्षांची चूक झाली तर उत्तर सुमारे तीन टक्क्यांनी हलते. तेवढे चालण्यासारखे आहे.

१२ ऑगस्ट २०२४

वयाची चूक चालण्यासारखी होती. लिंगाची नव्हती.

लिंगाच्या रकान्यात 'एम', 'एफ' आणि 'पी' अशी तीन इंग्रजी अक्षरे सापडली. 'पी' म्हणजे बालरोग विभाग असावा असे गृहीत धरून साहाय्यकाने त्या ओळी बाजूला काढल्या होत्या. त्यांत ७२ वर्षांचे एक गृहस्थ दिसल्यावर आम्ही मूळ नोंदवही उघडली. तीन वर्षांच्या नोंदवह्यांत मराठीत 'पु' आणि 'म' असे लिहिलेले आहे, म्हणजे पुरुष आणि महिला. टंकलेखकाने इंग्रजी कळफलकावर 'पु' चे 'पी' केले आणि 'म' चे 'एम' केले. 'एम' म्हणजे इंग्रजीत पुरुष. त्या तीन वर्षांतील प्रत्येक स्त्री आमच्या तक्त्यात पुरुष झाली होती.

हे किती महागात पडले असते ते कागदावर मांडून पाहिले. वय ६० आणि रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंड मंदावले की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) १.२ असेल तर सूत्राने पुरुषाचा ईजीएफआर सुमारे ६९ येतो आणि स्त्रीचा सुमारे ५२. साठच्या खालचा आकडा तीन महिने टिकला की तो दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराचा निदान तिसरा टप्पा समजला जातो. म्हणजे तिसऱ्या टप्प्यातील बायका आम्ही खुशाल निरोगी पुरुष म्हणून मोजल्या असत्या. 'पी' हे अक्षर आले नसते तर चूक कधीच सापडली नसती, कारण 'एम' आणि 'एफ' दोन्ही दिसायला निर्दोष होते. इतर वर्षांच्या नोंदवह्या इंग्रजीत होत्या आणि 'एफ' तिथून येत होते.

उपाय असा केला की टंकलेखनाची प्रत्येक तुकडी कोणत्या नोंदवहीतून, कोणत्या टेबलावर, कोणी केली हे तक्त्यात वेगळ्या रकान्यात ठेवायचे. हे पहिल्या दिवसापासून करायला हवे होते. ६,२०० केसपेपर प्रत्येकी चार रुपये दराने टंकून घेतले होते, त्याचे २४,८०० रुपये झाले. या दुरुस्तीला पैसे लागले नाहीत, पण अकरा दिवस गेले.

२ सप्टेंबर २०२४

तारखा. लॅबने पाच वर्षांचे निकाल स्प्रेडशीटमध्ये दिले आहेत. क्रिएटिनिनचे काही निकाल भलत्याच महिन्यांतील, काही रुग्णाच्या नोंदणीच्या आधीचे, आणि एक तर मृत्यूनंतर सात महिन्यांनी केलेला. मला वाटले, रुग्णांची प्राथमिक जुळणी चुकली. आठवडाभर जुळणीचा कोड तपासत राहिले आणि तिथे काहीच सापडले नाही.

शेवटी साहाय्यकाने एक साधी गोष्ट पाहिली. मूळ फाइलमध्ये तारखेच्या रकान्यातील काही आकडे उजव्या कडेला चिकटलेले होते आणि काही डाव्या. डावीकडचे सगळे महिन्याच्या १२ तारखेनंतरचे होते आणि उजवीकडचे सगळे १ ते १२ मधले. ज्या संगणकावर फाइल उघडून जतन केली होती त्याची मांडणी अमेरिकी पद्धतीची, म्हणजे महिना आधी आणि दिवस नंतर, अशी होती. ५ जानेवारी ही तारीख त्याने १ मे म्हणून वाचली. १३ जानेवारीचा तेरावा महिना त्याला सापडला नाही, म्हणून ती नुसता मजकूर म्हणून सोडून दिली. पाहणाऱ्याला दोन्ही तारखाच दिसतात.

नमुना क्रमांक रोज चढत जातो हे आठवून मी आडव्या अक्षावर नमुना क्रमांक आणि उभ्या अक्षावर तारीख मांडली. स्वच्छ एक तिरकी रेषा आली आणि तिच्या दोन्ही बाजूंना विखुरलेले ठिपके, पावसात भिजलेल्या भिंतीवर बुरशी यावी तसे. रेषेबाहेरचा प्रत्येक ठिपका म्हणजे उलटी झालेली तारीख. त्यानंतर मूळ यंत्रातून साध्या मजकुराच्या स्वरूपात माहिती पुन्हा काढून घेतली आणि ती फाइल कोणीही स्प्रेडशीटमध्ये उघडायची नाही असा कागद भिंतीवर चिकटवला. वाया गेलेला वेळ: सोळा दिवस. हा आलेख पहिल्या दिवशी काढला असता तर एक तास लागला असता.

२६ सप्टेंबर २०२४

एकके आणि नावे. हे काम कंटाळवाणे आहे, म्हणून थोडक्यात. लॅबच्या प्रत्येक चाचणीला लॉइंक या आंतरराष्ट्रीय यादीतला क्रमांक दिला: रक्तातील क्रिएटिनिन २१६०-०, एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी चाचणी) ४५४८-४. आमच्या यादीत उपाशीपोटी साखर सात नावांनी आली आहे आणि नुसती 'शुगर' अशी नोंद असेल तर ती उपाशीपोटी की जेवणानंतरची हे कळायला मार्ग नाही. त्या सर्व ओळी वगळल्या. लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (मूत्रपिंडातून प्रथिन किती गळते त्याचे माप) काही काळ मिलिग्रॅम प्रति ग्रॅम आणि काही काळ मिलिग्रॅम प्रति मिलिमोल अशा एककात आहे, दोहोंत जवळपास नऊपट फरक पडतो आणि अहवालावर एकक छापलेले नाही. वितरणाला दोन शिखरे दिसली म्हणून ते लक्षात आले. सोनोग्राफीतून फक्त मूत्रपिंडाची लांबी घेतली. चित्रे घेतली नाहीत, कारण रुग्णाचे नाव चित्राच्या वरच्या पट्टीत ठिपक्यांतच उमटलेले असते आणि फाइलमधील नावाचा रकाना पुसून ते जात नाही.

निदानांच्या नोंदींसाठी स्नोमेड ही वैद्यकीय संज्ञांची आंतरराष्ट्रीय यादी वापरली. ती चालवणाऱ्या संस्थेचा भारत सदस्य देश असल्याने तिला शुल्क पडत नाही. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेतील केंद्रातून परवाना मिळतो.

२१ ऑक्टोबर २०२४

आजपासून खरी जुळणी सुरू झाली. चार दप्तरांत कोण कोणाचा, हे नाव, आडनाव, जन्मवर्ष, पेठ आणि हॅश केलेला मोबाइल या पाच गोष्टींवरून ठरवायचे.

नावांच्या उच्चारांवरून जुळणी करणारी साउंडेक्स ही तयार पद्धत आधी लावून पाहिली. ती अमेरिकेत १९१८ मध्ये पेटंट झालेली, इंग्रजी आडनावांसाठी रचलेली पद्धत. सोलापुरात ती एका दिवसात कोलमडली. येथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी घरे एकाच केसपेपरच्या रांगेत उभी असतात आणि नाव सांगणाऱ्याची भाषा एक, लिहून घेणाऱ्याची दुसरी. एकाच गृहस्थाचे नाव आमच्याकडे सिद्राम, सिद्धाराम, सिध्दाराम, शिद्राम आणि सिद्रामप्पा असे पाच प्रकारे आहे. यांपैकी तिसऱ्यात 'द' आणि 'ध' यांची अदलाबदल झाली आहे. डोळ्यांना फरक जाणवत नाही, संगणकाला जाणवतो. शिवाय ग्रामदैवत सिद्धेश्वराच्या कृपेने या शहरात सिद्राम, सिद्धेश्वर आणि सिद्धप्पा इतके आहेत की नाव जुळले यावरून फारसे काही सिद्ध होत नाही.

आरोग्य शिबिरांच्या याद्या तर युनिकोड ही सामाईक अक्षरपद्धती येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये होत्या. उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. रूपांतर करणारा कोड मिळाला, पण जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि युनिकोडमध्ये ती नंतर यावी लागते, त्यामुळे जोडाक्षर आले की वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. त्या कोडमध्ये जोडाक्षरांसाठी वेगळा नियम घालावा लागला.

साउंडेक्स सोडून जुळणीसाठी स्वतःची किल्ली, म्हणजे नावाचे आखूड रूप, बनवली: स्वर गाळायचे, श-ष-स एक मानायचे, ण-न एक, ळ-ल एक, महाप्राण अक्षर अल्पप्राणात (ध चे द, ख चे क) मिळवायचे, आणि शेवटी लागणारे अप्पा, अय्या, अण्णा, बाई, राव हे प्रत्यय काढून टाकायचे. जुळण्यांची संख्या एका रात्रीत दुपटीहून वाढली. मी फार खूश झाले.

२५ नोव्हेंबर २०२४

विधानसभा निवडणुकीच्या कामावर गेलेले कर्मचारी परतले आणि तपासणी सुरू झाली. जोडलेल्या नोंदींतून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ६०० जोड्या निवडल्या आणि रेकॉर्ड रूममधल्या काकांना कागद दाखवून 'एकच की दोन?' असे विचारत गेले.

तिसऱ्या दिवशी एका रुग्णाचे दप्तर त्यांच्यासमोर ठेवले. मार्चमध्ये प्रोस्टेटची सोनोग्राफी, जुलैमध्ये गर्भाशय काढल्याचा पूर्वेतिहास, क्रिएटिनिन एका महिन्यात ३.९ आणि पुढच्या महिन्यात ०.८. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, दोन्ही केसपेपर शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, "मॅडम, हे नवरा-बायको आहेत की. तो नरसय्या, ती नरसाबाई."

मी प्रत्यय गाळले होते. नरसय्यातून 'अय्या' गेला, नरसाबाईतून 'बाई' गेली, स्वर गेले, आणि दोघे एकाच किल्लीवर आले. आडनाव एक, पेठ एक, मोबाइल मुलाचा म्हणून तोही एक, वयात दोन वर्षांचे अंतर. ६०० पैकी ५३ जोड्या चुकीच्या निघाल्या आणि त्यांतील ३८ एकाच घरातल्या माणसांच्या होत्या. मोबाइल क्रमांकाला मी व्यक्तीची खूण समजत होते. तो घराची खूण आहे.

किल्ली बदलली. प्रत्यय गाळायचे, पण त्यांतून लिंग कळत असेल तर ते आधी वेगळ्या रकान्यात नोंदवायचे, आणि लिंग जुळत नसेल तर जोडी थेट फेटाळायची. मोबाइलचे वजन निम्म्याने कमी केले, बापाच्या किंवा नवऱ्याच्या नावाला वजन दिले. ऑगस्टमधील 'एम'ची दुरुस्ती झाली नसती तर हा नियमही फसला असता.

लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. त्यांचे जुने आणि नवे दप्तर दोन वेगळ्या बायकांचे म्हणून राहते.

१६ डिसेंबर २०२४

दुसऱ्या फेरीत ६०० पैकी ९ जोड्या चुकल्या. पुरे. काकांचा या कामातील वेळ प्रस्तावात कुठेच धरलेला नव्हता. मानधनाचे १५,००० रुपये प्रवासखर्चातून वळवावे लागले आणि त्यासाठी तीन पत्रे लिहावी लागली.

१७ जानेवारी २०२५

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेमुळे आठवडाभर बाह्यरुग्ण विभाग शांत आहे. निवांतपणे पहिले विश्लेषण चालवले आणि फार देखणा निकाल आला.

२०२० च्या अखेरीपासून डापाग्लिफ्लोझिन या मधुमेहावरील औषधाच्या स्वस्त भारतीय गोळ्या बाजारात आल्या, तेव्हापासून आमच्या औषधबिलांतही त्या दिसतात. ही गोळी सुरू झालेल्या रुग्णांचा ईजीएफआर सुरुवातीच्या तीन महिन्यांतच वर गेला होता. मी आलेख छापून मार्गदर्शक सरांकडे नेला. ते मूत्रपिंडविकारतज्ज्ञ आहेत. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि परत दिला. या औषधाने ईजीएफआर सुरुवातीला थोडा खाली येतो, मूत्रपिंडाच्या गाळणीतला दाब कमी होतो म्हणून. फायदा दिसतो तो नंतर, घसरण मंदावण्यात. "पहिल्याच महिन्यात वर गेलेली रेघ औषधाची नाही," ते म्हणाले, "ती दुसऱ्या कशाची तरी आहे. ते शोधा."

१० फेब्रुवारी २०२५

शोधले ते असे. मधुमेह नसलेले, मूत्रपिंडाची तक्रार नसलेले रुग्ण वेगळे काढले: मोतीबिंदूच्या किंवा हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधी फिटनेससाठी आलेले. त्यांना ही गोळी कोणी दिलेली नाही. त्यांच्या क्रिएटिनिनचे दर महिन्याचे मध्यक मांडले. मार्च २०२१ पर्यंत रेघ सपाट, एप्रिलमध्ये एकदम एक पायरी खाली, आणि तिथून पुन्हा सपाट. म्हणजे शहरातील सगळ्यांचीच मूत्रपिंडे एका महिन्यात सुधारली होती.

लॅबमध्ये गेले. तंत्रज्ञ मावशींनी कपाटातून रिएजंटच्या, म्हणजे चाचणीच्या रसायनांच्या, साठ्याची नोंदवही काढली. तिच्या जुन्या पानांवर पिवळे डाग आहेत, धुऊन न जाणारे. ते पिक्रिक आम्लाचे. क्रिएटिनिन मोजण्याची जाफे पद्धत १८८६ मधली आहे, त्यात हे आम्ल वापरतात आणि मिश्रण नारिंगी होते. रक्तातील साखर, कीटोन, प्रथिने असे इतर पदार्थही त्या रंगात थोडी भर घालतात, त्यामुळे आकडा किंचित जास्त येतो. वही उलटत मावशी एका पानावर थांबल्या. त्या पानापासून डाग नाहीत. "मशीनच बदललं की तेव्हा. किटपण एन्झायमॅटिक आलं." तारीख: २९ मार्च २०२१.

एन्झाइम वापरणाऱ्या या नव्या पद्धतीत आकडा कमी येतो, म्हणून ईजीएफआर वाढतो. गोळी घेणाऱ्यांचे 'आधीचे' निकाल बहुतेक जुन्या पद्धतीचे आणि 'नंतरचे' नव्या पद्धतीचे. औषधाचा म्हणून मी जो परिणाम मांडला होता, तो किटचा होता. लॅबच्या संगणकात चाचणीचे नाव, क्रमांक, एकक सर्व तेच राहिले. बदलाची नोंद होती ती फक्त या वहीत. मी दिलेला लॉइंक क्रमांकही दोन्ही काळांसाठी एकच होता, कारण २१६०-० मध्ये पद्धत सांगितलेली नसते.

३ मार्च २०२५

जुने यंत्र भंगारात गेले आहे, त्यामुळे एकच नमुना दोन्ही पद्धतींनी मोजून फरक काढणे शक्य नाही. फिटनेसवाल्या रुग्णांवरून पायरीची उंची काढून सगळ्यांना तेवढी वजाबाकी लावावी, असा मोह झाला. पण त्यांच्यात साखर आणि कीटोन यांची भेसळ नाही, आमच्या मधुमेहींत आहे. दोघांना एकच दुरुस्ती लावणे चूक ठरले असते. म्हणून प्रत्येक रुग्णाची घसरण एकाच पद्धतीच्या निकालांवरून मोजायची असे ठरवले. त्यासाठी प्रत्येकाचे एका बाजूला निदान तीन निकाल आणि त्यांत किमान एक वर्षाचे अंतर हवे. १,८४६ रुग्णांपैकी १,१०२ उरले. जुन्या बाजूला टाळेबंदीचे २०२० साल आहे; त्या उन्हाळ्यात नियमित तपासणीला कोणी येत नव्हते आणि जे आले ते अत्यवस्थ म्हणून आले. ते महिने मोजणीतून वगळले.

यातून गोळीच्या गटात सुरुवातीची छोटी घट दिसली, पुस्तकात असते तशी. त्यापुढची रेघ सपाट आहे आणि अनिश्चिततेचा पट्टा इतका रुंद आहे की त्यावरून औषधाबद्दल मी काहीही म्हणू शकत नाही. देखणा आलेख फाइलमध्ये ठेवला आहे, तारखेसह.

२८ मार्च २०२५

साहाय्यकाने पुढील दोन वर्षांत कोणाचा विकार बळावेल हे सांगणारे संगणकीय मॉडेल बनवले आणि ते संशय यावा इतके अचूक निघाले. कारण सापडायला एक दुपार पुरली: रकान्यांत 'डायलिसिसपूर्व समुपदेशन' ही भेट होती. ज्याला डॉक्टरांनी आधीच डायलिसिससाठी तयार केले त्याचा विकार बळावणार हे सांगायला मॉडेल कशाला हवे. तो रकाना काढला, एकाच घरातील माणसे शिकवण्याच्या आणि तपासण्याच्या गटांत विभागली जाणार नाहीत अशी वाटणी केली, आणि अचूकता जमिनीवर आली.

२१ एप्रिल २०२५

रुग्णालयाकडे द्यायच्या गोष्टी आज दिल्या: नावांच्या किल्लीचा कोड आणि चाचण्यांच्या नावांची लॉइंकसह यादी. एकूण दहा महिने लागले, त्यांतील जेमतेम सात आठवडे विश्लेषणाचे. पैशांचा हिशेब, आमच्या दोघांचे मानधन सोडून, ६९,३०० रुपये.

लॅबच्या निकालपत्रात 'पद्धत' हा रकाना वाढवून द्यावा असा अर्ज मी केला होता. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याने त्यासाठी वेगळे शुल्क सांगितले आणि अर्ज तिथेच थांबला. मावशींनी तोवर आपल्या परीने सोय केली आहे: किट किंवा यंत्र बदलले की त्या दिवसाच्या नोंदीभोवती लाल शाईची चौकट. मागच्या आठवड्यात एचबीए१सीचे किट बदलले, ती पहिली चौकट. तिचा फोटो काढून तो तक्त्याला जोडायचे काम उद्याचे.